मलफुजात : एकमेकांशी बोलणारी पुस्तके

अजोधनच्या जमातखान्यात 'अवारिफुल मआरिफ' या ग्रंथाचा सबक चालला होता. शिकवणारे होते बाबा फरीदुद्दीन गंजशकर, आणि समोर बसलेला तरुण शागीर्द पुढे दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया म्हणून जगाला माहीत झाला. बाबांच्या हातातील प्रत बारीक अक्षरात लिहिलेली होती आणि ठिकठिकाणी सदोषही होती. त्यामुळे बाबा अडखळत, थांबत, शब्द जुळवून घेत. बाबांचे धाकटे भाऊ शेख नजीबुद्दीन मुतवक्किल यांच्याकडे याच ग्रंथाची चांगली प्रत आहे, हे निजामुद्दीन यांना आठवले आणि त्यांनी तसे बोलून दाखवले. बाबा नाराज झाले. सदोष प्रत दुरुस्त करण्याची ताकद या दरवेशात नाही काय, असे ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. हे शब्द आपल्यालाच उद्देशून आहेत, हेही निजामुद्दीन यांच्या आधी ध्यानात आले नाही. शेजारी बसलेल्या मौलाना बद्रुद्दीन इसहाक यांनी ते लक्षात आणून दिले. मग शागीर्दाने पाय धरले, माफी मागितली, पण नाराजी गेली नाही. जीव द्यावा असे वाटण्याइतके त्याचे मन कासावीस झाले. शेवटी बाबांचे पुत्र शिहाबुद्दीन मध्ये पडले, तेव्हा कुठे माफी मिळाली.

उर्दू वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ही हकीकत ठाऊक असते. अदब शिकवण्यासाठी ती सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु आम्हाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. तेराव्या शतकात, छापखाना नसताना, एका पुस्तकाच्या दोन प्रतींत फरक आहे, एक चांगली आहे, दुसरी सदोष आहे, सदोष प्रत चांगल्या प्रतीशी ताडून पाहता येते, ही सारी जाणीव त्या मजलिसीत हजर होती. दुसरे म्हणजे, ही हकीकत आपल्यापर्यंत आली कशी? बाबांनी ती लिहिली नाही. निजामुद्दीन यांनी बऱ्याच वर्षांनी ती आपल्या मजलिसीत सांगितली. तिथे बसलेल्या अमीर हसन सिज्जी यांनी ती टिपली. अमीर हसन यांचे पुस्तक पुढे इतरांनी वाचले, त्यातले उतारे आपापल्या पुस्तकांत घेतले, त्याला जोड दिली, कुठे त्याचा आधार घेऊन दुसऱ्या पुस्तकाला खोटे ठरवले. अशी ही पुस्तकांची एकमेकांशी चाललेली बोलाचाली आहे. तिचा एक मोठा भाग आपल्या महाराष्ट्रात, दौलताबाद-खुलताबादेत घडला, आणि तिचा एक तुटलेला धागा वर्धा जिल्ह्यातील गिरडच्या टेकडीवर येऊन पडला आहे. प्रस्तुत लेखात आम्हाला त्याविषयीच लिहायचे आहे.

मलफूज म्हणजे तोंडातून निघालेला शब्द. मलफुजात हे त्याचे अनेकवचन. बुजुर्ग बोलतात, मुरीद ऐकतात आणि त्यातला एखादा लिहून ठेवतो. असे लिहून ठेवण्याला शिस्त लावली ती अमीर हसन यांनी. ते दरबारी शायर होते, अमीर खुसरो यांचे मित्र. हिजरी 707 च्या शाबान महिन्यात, म्हणजे इसवी सन 1308 च्या आरंभी, त्यांनी हजरत निजामुद्दीन यांचे बोलणे तारीखवार टिपायला सुरुवात केली. हे काम 1322 पर्यंत चालले. या पुस्तकाचे नाव 'फवाइदुल फुआद'. त्यात 188 मजलिसी आहेत. सुरुवातीला हे लिहिणे गुपचूप चालले होते. पुढे त्यांनी हजरतांना ते सांगितले आणि पाने दाखवली. हजरतांनी ती वाचली. मध्ये मध्ये कोऱ्या जागा सोडलेल्या दिसल्या, तेव्हा त्या का, असे विचारले. जे शब्द नीट आठवले नाहीत तिथे मी जागा सोडली, असे अमीर हसन म्हणाले. हजरतांनी ते शब्द सांगून जागा भरून दिल्या.

मराठीत लिहिणाऱ्या आपल्या मंडळींनी या कोऱ्या जागांचा विचार करावा असे आम्हाला वाटते. आठवले नाही तर ठोकून द्यावे, हा आपल्याकडचा सर्रास रिवाज. स्मरणिका, उरुसाची पत्रके, संस्थेचा इतिहास, काहीही काढून पाहावे. चौदाव्या शतकातला एक दरबारी शायर मात्र न आठवलेल्या शब्दापुढे कोरा कागद ठेवतो.

त्याच प्रसंगी हजरतांनी आणखी एक आठवण सांगितली. आपणही बाबा फरीद यांचे बोलणे असेच लिहून ठेवत होतो. कोणीतरी पांढऱ्या कागदांची एक बांधीव वही दिली होती, तिच्यात ते लिहिले. बाबांनाही हे ठाऊक होते. एखादी हिकायत सांगताना हा शागीर्द हजर आहे ना, असे ते विचारून घेत आणि तो नसताना सांगितलेले तो आल्यावर पुन्हा सांगत. ती वही आज कुठेही नाही. पण तिच्यातला ऐवज हजरतांच्या तोंडून अमीर हसन यांच्या पुस्तकात उतरला. हरवलेले पुस्तक असे दुसऱ्या पुस्तकाच्या पोटात जिवंत राहते.

1327 च्या सुमारास सुलतान मुहम्मद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद करून दुसरी राजधानी केली. शाळेच्या पाठ्यपुस्तकात या घटनेची एका ओळीत टिंगल असते. वेड्या सुलतानाची गोष्ट म्हणून मुले हसतात आणि आम्हालाही ती शिकवावी लागते. परंतु त्या वाटेने दिल्लीतले आलिम, कातिब, शायर आणि सूफी दख्खनमध्ये आले, हे त्या ओळीत नसते. हजरत निजामुद्दीन यांचे खलीफा शेख बुरहानुद्दीन गरीब आले. स्वतः अमीर हसन आले. त्यांची कबर खुलताबादला आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? औरंगजेबाच्या कबरीविषयी सारा मुलूख बोलतो. त्याच गावात 'फवाइदुल फुआद'चा लेखक निजला आहे, त्याची आठवण काढणारे थोडे.

खुलताबादला जे घडले ते आमच्या मते दख्खनच्या ग्रंथव्यवहारातले एक मोठे पर्व आहे. काशानी घराण्यातील तिघा भावांनी शेख बुरहानुद्दीन यांच्याभोवती अक्षरशः एक ग्रंथालय उभे केले. रुक्नुद्दीन हे पेशाने दबीर, म्हणजे सरकारी चिटणीस. त्यांनी 1332 ते 1337 या काळातल्या मजलिसी 'नफाइसुल अनफास' या नावाने टिपल्या. समोर नमुना 'फवाइदुल फुआद'चा होता. दुसरे भाऊ हम्माद यांनी 'अहसनुल अक्वाल' लिहिले. त्यात तारखेची चौकट मोडून बोलणे विषयवार लावले. तिसरे मजदुद्दीन यांनी करामतींच्या हकीकती 'गराइबुल करामात' मध्ये एकत्र केल्या. तीन भाऊ, एकच मुर्शिद, आणि तिघांची मांडणी तीन तऱ्हांची. 1337 मध्ये शेख बुरहानुद्दीन यांचा विसाल झाला. त्यानंतर त्यांचे खलीफा जैनुद्दीन शिराजी यांच्या मजलिसी मीर हसन यांनी 'हिदायतुल कुलूब' मध्ये उतरवल्या. हे जैनुद्दीन 1369 मध्ये वारले, आणि त्यांच्याच दर्ग्याच्या आवारात 1707 मध्ये औरंगजेबाला दफन केले गेले.

रुक्नुद्दीन यांनी 'शमाइलुल अतकिया' हा दुसरा मोठा ग्रंथही लिहिला. आम्हाला त्याचे विशेष अप्रूप आहे ते एका कारणाने. त्यात त्यांनी वापरलेल्या ग्रंथांची यादी दिली आहे. दोनशेहून अधिक नावे. कोणते वाक्य कुठून घेतले ते वाचकाला कळावे, ही काळजी. आज बी.एड.च्या प्रबंधिकेत संदर्भसूची द्या म्हटले की विद्यार्थी कंटाळतात आणि ही पाश्चात्त्यांनी लावलेली शिस्त आहे असे समजतात. चौदाव्या शतकातला दौलताबादचा एक चिटणीस ती शिस्त पाळत होता. तिचे मूळ अर्थातच हदीसच्या सनदीत आहे. अमक्याने तमक्याकडून ऐकले, त्याने अमक्याकडून, अशी साखळी पुढे ठेवल्याशिवाय हदीस सांगायची नाही हा दंडक. सूफींचा शिजराही तसाच. नावे एकाखाली एक गुंफलेली. माणसांच्या साखळीला पुस्तकांची साखळी जोडण्याचे काम रुक्नुद्दीन यांनी केले.

हा ग्रंथ पुढे मुका राहिला नाही. 1667 च्या सुमारास मीरां याकूब यांनी तो दख्खनी गद्यात आणला. फारसी न येणाऱ्या साध्या माणसांना कळावे म्हणून. आपल्या आजी-नानी जी बोली बोलत तिची ही थोरली बहीण. दख्खनीला मोडकी उर्दू म्हणून हसणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवावे.

आता या बोलाचालीतला वादाचा भाग. खुलताबादेत काही काळ राहिलेले एक गृहस्थ होते हमीद कलंदर. शेख बुरहानुद्दीन यांचे बोलणे त्यांनीही लिहायला घेतले होते. ते पुरे झाले नाही. पुढे दिल्लीला जाऊन त्यांनी हजरत नसीरुद्दीन चिराग देहलवी यांच्या शंभर मजलिसी 'खैरुल मजालिस' मध्ये टिपल्या. साल 1354 च्या आसपासचे. त्यातल्या एका मजलिसीत कोणीतरी एका जुन्या मलफुजातल्या विधानाचा हवाला दिला. ते मलफूज ख्वाजा उस्मान हारूनी यांचे म्हणून लोकांच्या हाती फिरत होते. हजरत नसीरुद्दीन यांनी ऐकून घेतले आणि हे शब्द त्यांचे नव्हेत असे स्पष्ट सांगितले. अशा प्रती आमच्या शेखांच्या काळात असत्या तर त्यांनी त्यांचा कधीतरी उल्लेख केला असता, ही त्यांची दलील. शिवाय हजरत निजामुद्दीन यांचेच म्हणणे त्यांनी पुढे ठेवले की, मी कोणतेही पुस्तक लिहिले नाही, कारण बाबा फरीद, ख्वाजा कुतबुद्दीन आणि आमच्या सिलसिल्यातल्या बुजुर्गांनी लिहिले नाही. 'फवाइदुल फुआद' मध्येही असाच प्रसंग आहे. तुमच्या नावाचे एक पुस्तक आम्हाला दाखवण्यात आले, असे कोणी येऊन सांगतो आणि हजरत ते साफ नाकारतात. म्हणजे हयात माणसाच्या नावावरसुद्धा बनावट पुस्तक निघत होते!

यातली दलील बारकाईने पाहण्यासारखी आहे. पुस्तक खोटे का? तर त्याला कोणी ओळखत नाही म्हणून. जे पुस्तक खरोखर त्या मैफलीत होते, त्याची निशाणी आसपासच्या पुस्तकांत कुठेतरी उमटलीच असती. ज्याला कोणीच सलाम केलेला नाही तो पाहुणा आमच्या घरचा नव्हे. सहाशे वर्षांनी अलीगढचे प्राध्यापक मुहम्मद हबीब यांनी 1950 मध्ये याच वाटेने जाऊन चिश्ती मलफुजातची छाननी केली आणि ख्वाजा उस्मान हारूनी यांच्यापासून बाबा फरीद यांच्यापर्यंतच्या बुजुर्गांच्या नावावर चालणारी 'अनीसुल अरवाह', 'दलीलुल आरिफीन', 'राहतुल कुलूब' आदी पुस्तके बनावट ठरवली. तारखा जुळत नाहीत, घटना उलटसुलट येतात, हेही त्यांनी दाखवले. 'राहतुल कुलूब' हे तर बाबा फरीद यांचे बोलणे हजरत निजामुद्दीन यांनी लिहिले असे म्हणवणारे पुस्तक. म्हणजे त्या हरवलेल्या पांढऱ्या वहीची रिकामी जागा कोणीतरी आपल्या मनाने भरून काढली.

उर्दू बाजारात 'हश्त बहिश्त' नावाचा जाड संग्रह मिळतो. त्यात 'फवाइदुल फुआद' आणि 'राहतुल कुलूब' एकाच पुठ्ठ्यात शेजारी शेजारी बांधलेले असतात. खरे कोणते, मागाहून रचलेले कोणते, याची खूण नसते. भाविक वाचक दोन्हींचे सारख्याच आदराने चुंबन घेतो. आम्ही त्याला दोष देत नाही. प्रकाशकाला मात्र देतो.

तरीही हबीबसाहेबांचा निकाल वाचून आपण ती पुस्तके सरळ फेकून द्यावीत, या मताचे आम्ही नाही. कारण गोष्ट तितकी सोपी नाही. रुक्नुद्दीन काशानी यांच्या दोनशेहून अधिक ग्रंथांच्या यादीत हबीबसाहेबांनी बनावट ठरवलेल्या पुस्तकांपैकीही काही आहेत. म्हणजे दिल्लीत चिराग देहलवी ज्यांना नाकारत होते त्यांना खुलताबादेत मान होता. अमेरिकन अभ्यासक कार्ल अर्न्स्ट यांनी खुलताबादच्या ग्रंथांवर 1992 मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात या गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. बुजुर्गांनी लिहिले नाही आणि मुरीदांना तर त्यांचे शब्द हवेत, या तहानेतून ती पुस्तके जन्मली. बाबा फरीद प्रत्यक्ष काय बोलले ते त्यातून कळणार नाही. चौदाव्या शतकातल्या लोकांना बाबांनी काय बोललेले हवे होते, ते मात्र कळेल. तेही इतिहासाचेच साधन आहे. फक्त कशाला काय म्हणायचे ते ठाऊक असावे.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटू नये. मलफुजातची सख्खी शोभावी अशी एक परंपरा विदर्भातच आहे आणि ती 'फवाइदुल फुआद'हून तीसेक वर्षांनी जुनी आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी 1278 च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केले. चक्रधरस्वामी निघून गेलेले. ज्यांनी त्यांना पाहिले, ऐकले, त्या एकेका माणसाकडे जाऊन म्हाइंभटांनी लीळा विचारून घेतल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. पुढे धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. तेव्हा ज्यांना पाठ होते त्यांच्या तोंडून ती पुन्हा उभी केली गेली, आणि कोणता पाठ कोणाचा याची नावे राहिली. हिराइसा या स्त्रीच्या स्मरणातून आलेला तो हिराइसापाठ. एका बाईचे नाव पाठाला मिळावे, ही आमच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. मलफुजातच्या जगात लिहिणाऱ्या बाईचे नाव आम्हाला आढळत नाही. नागपूरचे डॉ. वि. भि. कोलते यांनी 1978 मध्ये 'लीळाचरित्रा'ची जी आवृत्ती काढली तीही पोथ्या एकमेकींशी ताडूनच. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. तिथे कधीतरी कोणी 'लीळाचरित्र' आणि 'नफाइसुल अनफास' एकाच टेबलावर ठेवून वाचील अशी आम्हाला उमेद आहे. त्यासाठी फारसी येणारा मराठी माणूस लागेल. आपल्या उर्दू शाळांतून तो घडायला हरकत नाही.

अजोधनच्या सदोष प्रतीची आठवण करून देणारी घटना पैठणलाही घडलेली आहे. एकनाथांनी शके 1506, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला. लोक आपल्या ओव्या तिच्यात घुसडत होते, ते थांबावे म्हणून. आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी कुठले? देवगिरीच्या किल्ल्यावरचे. खुलताबाद तिथून काही कोसांवर. एका ठिकाणाने दुसऱ्याकडून हे घेतले असा आमचा दावा नाही. प्रत तपासणारे, नाव सांगणारे, कोरी जागा सोडणारे लोक या मुलखात दोन्हीकडे होते, एवढेच म्हणायचे आहे.

आता गिरड. समुद्रपूर तालुक्यातले हे गाव विदर्भात कोणाला सांगायला नको. टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. मुसलमान येतात, हिंदू येतात, नवस बोलतात, फेडतात. टेकडीवर जायफळ-सुपारीसारखे गोल दगड सापडतात. भूगर्भशास्त्र सांगते की दख्खनच्या लाव्हाच्या खडकात जी पोकळी राहते तिच्यात झिओलाइट नावाची खनिजे भरतात. खडक झिजला की ते गोळे सुटे होऊन बाहेर पडतात. श्रद्धा दुसरे सांगते. फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची चेष्टा केली. बाबांनी त्यांचा सारा माल दगड केला. त्यांनी माफी मागितली, तेव्हा वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. ते पाहून व्यापारी कायमचे बाबांच्या खिदमतीत राहिले आणि टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच.

बाबा कोण? गावोगावचे भाविक म्हणतात, अजोधनचे बाबा फरीद तेच हे. कोणी म्हणते मजार, कोणी म्हणते चिल्ला. पुस्तके काय म्हणतात? बाबा फरीद 1265 मध्ये अजोधनला, म्हणजे आजच्या पाकपट्टणला, वारले आणि तिथेच दफन झाले, याविषयी मलफुजातच्या जगात दुमत नाही. 'फवाइदुल फुआद' मध्ये दिल्ली येते, हांसी येते, अजोधन तर पानोपानी येते. गिरड येत नाही. गिरडविषयी आपल्या हाती जे छापील आहे ते इंग्रजांच्या गॅझेटियरात. चार्ल्स ग्रँट यांनी 1870 मध्ये मध्य प्रांताचे गॅझेटियर काढले. त्यात शेख फरीद तीस वर्षे फकीर होऊन देशोदेशी फिरले आणि 1244 च्या सुमारास या टेकडीवर स्थिरावले असे आहे. दगडांची कथाही आहे. 1881 मध्ये हंटर यांच्या मोठ्या गॅझेटियरात जवळजवळ तेच शब्द आले. पुढच्या गॅझेटियरांतून, माहितीपुस्तिकांतून, उरुसाच्या पत्रकांतून तेच फिरत आहे. 1244 हे साल कोणी सांगितले? कोणत्या सनदेत होते? मुजावरांच्या तोंडून आले की कागदातून? ग्रँट सांगत नाहीत, आणि पुढच्यांपैकी कोणी विचारीत नाही.

मलफुजात आणि हे, यातला फरक आम्हाला इथे दाखवायचा आहे. पुढचे पुस्तक मागच्याला इथेही जोडलेले आहे, पण ते मागच्याशी बोलत नाही. नुसते उतरवून घेते. दीडशे वर्षांत 1244 हा आकडा इतक्या वेळा छापला गेला की तो सिद्ध झाल्यासारखा वाटतो. मुळात तो एकाच तोंडचा शब्द आहे. चिराग देहलवींचा प्रश्न, याला आसपासच्या कोणी पुस्तकाने ओळखले आहे काय, हा गिरडच्या 1244 ला कोणी विचारलाच नाही. आकड्याचे महत्त्व कमी नाही. तो खरा असेल तर अलाउद्दीन खिलजीने 1296 मध्ये देवगिरीवर स्वारी केली त्याच्या पन्नास वर्षे आधी, यादवांचा राजा सिंघण गादीवर असताना, एक मुसलमान फकीर वर्ध्याच्या रानात निर्धास्त राहात होता. फौज आधी आली की फकीर आधी आला, या जुन्या वादात त्याने मोठी भर पडेल. म्हणूनच हा आकडा पारखल्याशिवाय वापरू नये. आज दर्ग्यांचा इतिहास कोर्टात आणि टीव्हीवर मांडला जातो. तिथे कच्चा पुरावा घेऊन जाणारा माणूस आपल्याच बाजूचे नुकसान करतो.

गॅझेटियर गप्प असले तरी कथा गप्प नाही. तिची बोलाचाली चालू आहे. 'सियरुल औलिया' मध्ये बाबा फरीद यांनी भुकेच्या वेळी तोंडात खडे घातले आणि ते साखर झाले, असे आहे. अमीर खुर्द यांनी चौदाव्या शतकात लिहिलेला हा ग्रंथ. स्वतः ते काही काळ दख्खनमध्ये येऊन राहिलेले. नंतरच्या तजकिऱ्यांत आणि लोकांच्या तोंडी आणखी एक हकीकत आहे. व्यापारी साखर घेऊन चालला होता. बाबांनी काय नेतोस विचारले, तो मीठ म्हणाला. साखरेचे मीठ झाले. मग गयावया केली, तेव्हा मिठाची पुन्हा साखर. आता गिरडची कथा शेजारी ठेवून पाहा. व्यापारी तोच, चूक तशीच, शिक्षा मालालाच, माफीही तशीच. साखर-मिठाच्या जागी मात्र इथले दगड आले आहेत, कारण इथल्या माणसाच्या पायाखाली दगड होते. तिकडे खड्यांची साखर होते, इकडे मालाचे खडे. पंजाबची हकीकत विदर्भात आली आणि तिने इथली जमीन पाहून कपडे बदलले, असे आम्हाला वाटते. गिरडचे शेख फरीद आणि अजोधनचे बाबा फरीद एकच नसले, तरी ही कथा सांगणाऱ्या कोणाला तरी अजोधनची कथा माहीत होती. कोण होता तो? बुरहानुद्दीन यांच्या माणसांपैकी कोणी विदर्भात उतरला होता काय? कोणी भटका कलंदर? की बंजाऱ्यांच्या तांड्याबरोबर चालत आलेला एखादा मुरीद? फारसीत, दख्खनीत, मोडीत कुठेतरी एखादा कागद असू शकेल.

गेल्या वर्षी आठवीच्या मुलांना आम्ही घरी एक काम दिले. दगडांची कथा घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहायची. अट अशी की पहिल्या ओळीत सांगणाऱ्याचे नाव आणि नाते, दुसऱ्या ओळीत त्यांनी ती कोणाकडून ऐकली ते. न आठवल्यास जागा कोरी सोडायची. वह्या आल्या. काही घरी माल नारळाचा होता, काही घरी जायफळ-सुपारीचा. व्यापारी कुठे एक, कुठे दोन, एका वहीत तांडाच्या तांडा. वाळल्या पानांचा भाग बऱ्याच जणांना ठाऊक नव्हता. ज्यांना ठाऊक होता त्यांच्या दुसऱ्या ओळीत बहुतेक नानी किंवा दादीच्या सासूचा उल्लेख होता. वर्गातल्या एका मुलीने शेजारच्या हिंदू आजींनाही विचारले. त्यांच्या कथेत बाबा व्यापाऱ्याला आधी पाणी पाजतात आणि मग माल काय म्हणून विचारतात. हा पाण्याचा तुकडा आम्ही दुसऱ्या कुठेही वाचला नव्हता.

वह्या आम्ही शाळेच्या कपाटात ठेवल्या आहेत. यंदाच्या वर्गाला त्याच वह्या वाचायला देऊन पुढच्या पानावर आपल्या घरची कथा लिहायला सांगणार आहोत, आणि जिथे मागच्याशी जुळत नाही तिथे तसे लिहायला. गिरड, उमरेड, हिंगणघाट या बाजूच्या कोणा वाचकाकडे दर्ग्यासंबंधी जुनी सनद, शिजरा, उरुसाचे जुने पत्रक किंवा आजीच्या तोंडचा एखादा वेगळा तुकडा असेल तर त्यांनी या अंकाच्या पत्त्यावर कळवावे. सांगणाऱ्याचे नाव मात्र लिहावे.